उन्हाच्या नावावर

ओल्या खसचा वास मला सोसत नाही. वर्ध्यात राहून असं म्हणणं म्हणजे फितुरीच, पण म्हणतो. एप्रिल लागला की नालवाडीतल्या आमच्या गल्लीत घरोघरचे कूलर निघतात. मागच्या वर्षीचं काळं पडलेलं गवत जाळ्यांतून उपटून नालीच्या काठावर टाकायचं, टाकीच्या बुडाशी धरलेली पांढरी पापडी खरवडायची, पंप बादलीत बुडवून चालतो का पाहायचं. मग नवी खस भरली आणि पहिलं पाणी सोडलं की सगळी गल्ली एकदम सुगंधी होते. लोक दारात उभे राहून छाती भरून श्वास घेतात. काहींना म्हणे कविता सुचते. मी त्या वेळी काहीतरी निमित्त काढून बाहेर पडतो.

यंदा निसटता आलं नाही. बायकोनं जाळी धरायला बसवलं.

"अहो, दरवर्षी तोंड असं काऊन करता? वास येऊन राह्यला, कोणी शिवी नाई देऊन राह्यलं."

मी गप्प. गप्प राहणं हे माझं जुनं कसब आहे. त्यावर संसार निभावला, नोकरी निभावली, आणि गावात 'सालस माणूस' असं नावही मिळवलं. त्या नावाचा मला आता कंटाळा आला आहे.

आमच्या उन्हाळ्याचं कौतुक करणारे लोक बहुधा तो लांबून पाहतात. आंबे, पन्हं, गच्चीवरची झोप वगैरे. इथं ऊन पडत नाही, अंगावर धावून येतं. सकाळी नऊलाच रस्ता पांढरा होतो. स्कूटरची सीट, दाराची कडी, नळाचं पाणी, सगळं चावतं. डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा टाकून माणसं निघतात आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ जहाल दिवस, लागला की एकमेकांवर गुरगुरायला लागतात. भाजीवाली गिऱ्हाइकावर, गिऱ्हाईक रिक्षावाल्यावर, रिक्षावाला देवावर. आणि या सगळ्याचा खुलासा एकच: ऊन हाय बाप्पा. दूध नासलं, ऊन. गाडी बंद पडली, ऊन. दोन भाऊ बांधावर भिडले, तेही ऊनच. इतका मोठा, इतका उघडा आणि कधीच उलटून न बोलणारा आरोपी दुसरीकडे मिळायचा नाही. कोणीही यावं, आपलं पाप त्याच्या डोक्यावर ठेवावं आणि सावलीत जाऊन बसावं.

मीही ठेवलं होतं. त्या उन्हाळ्याबद्दल लिहितो आहे.

साल सांगत नाही. दोन हजारनंतरची ती पहिली काही वर्षं. भारनियमन सुरू होतं, मोबाइल सगळ्यांकडे नव्हते, आणि 'सर्व्हर डाऊन आहे' हे वाक्य खेड्यातल्या म्हाताऱ्यांनाही पाठ व्हायला लागलं होतं. एका धर्मादाय इस्पितळात मी कॉम्प्युटरची यंत्रं सांभाळायचो. इस्पितळाचं नाव सांगून उपयोग नाही, ती माणसं आता तिथं नाहीत. आमचं घर दुकानदारांचं. वडील बिजागऱ्या, कड्या, कुलपं विकायचे. मी शिकून 'ऑफिसात' लागलो याचा घरी केवढा अभिमान होता. पण ऑफिसात माझी किंमत बिजागरीवाल्याच्या पोराएवढीच होती, आणि ती ठरवणारा माणूस म्हणजे वैरागडे सर.

वैरागडे समुद्रपूरचे. मास्तरांचा मुलगा. बारीक, ताठ, बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे पाहायचे. इस्पितळाचा सगळा प्रोग्रॅम त्यांनी एकट्यानं लिहिलेला होता: पेशंटची नोंदणी, वॉर्ड, रक्त-लघवीचे रिपोर्ट, सगळं. नव्वदच्या दशकात, एका जुनाट मशीनवर, पुस्तकं वाचून. तो कित्येक वर्षं बिनतक्रार चालला. डॉक्टर त्यांना 'सर' म्हणायचे. मला सगळे 'अरे' म्हणायचे. मी त्यांच्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान होतो, तेवढ्यावर हे समजून घेता आलं असतं. पण ते मला 'शेटजी' म्हणायचे, आणि त्या 'शेटजी'त आदर नव्हता.

"काय शेटजी, माऊस मोजून देता का तोलून?"

नोंदणीच्या खिडकीवरच्या मुली हसायच्या. मीही हसायचो. हसताना दात आवळले जातात हे बाहेरून दिसत नाही.

त्या फेब्रुवारीत नवा सर्व्हर आला. तो मी निवडलेला, मी बसवलेला. एकच प्रोसेसर, पण त्यात हायपर-थ्रेडिंग नावाची सोय होती. सेटिंग चालू केली की एकाच प्रोसेसरचे दोन दिसायचे. अधीक्षक साहेब पाहायला आले तेव्हा मी पडद्यावरचे दोन आलेख त्यांना अभिमानानं दाखवले.

"दोन बसवले?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब, एकच आहे. पण दोघांसारखं राबतो. चूल एक, तवे दोन. एका तव्यावरची भाकरी शेकेपर्यंत दुसरीवर हात चालतो."

मागे वैरागडे उभे होते. म्हणाले, "म्हणजे मस्टरवर एकच गडी दोन नावांनी लावला म्हणा. हजेरी दोघाईची, हात दोनच."

साहेब खो खो हसले. माझी उपमाही खरी होती, त्यांचीही. पण हशा त्यांना मिळाला. इतक्या वर्षांत मी पुष्कळ गोष्टी विसरलो, तो हशा नाही.

मार्च सरला आणि सर्व्हर लटकायला लागला. बंद पडायचा नाही, लटकायचा. पडदा दिसतो आहे, पंखा फिरतो आहे, पण खिडकीवरच्या मुलीनं पेशंटचं नाव घातलं की तिथंच सगळं थिजून जायचं. मग मी जाऊन बटण दाबून पुन्हा चालू करायचो. आठवड्यातून एकदा, मग दोनदा, मेमध्ये रोज, तोही नेमका सकाळी, गर्दी ऐन भरात असताना.

सर्व्हरच्या खोलीत एसी नव्हता. कूलर होता. बाहेरच्या लोकांना हे वेडेपण वाटेल, पण आमच्या कोरड्या उन्हाळ्यात निम्मं वर्धा अशीच यंत्रं थंड ठेवायचं. खिडकीत कूलर, त्यात भरगच्च खस, आणि समोर तीन हातांवर सर्व्हर. दार उघडलं की तो ओला, गोडसर, मातकट वास तोंडावर यायचा. त्या वासात उभा राहून मी कितीदा ते बटण दाबलं असेल. लाईट गेली की कूलर बंद, बॅटरीवर सर्व्हर चालू, आणि खोलीत वास तेवढा उरायचा, शिळा.

सगळ्यांचं निदान एकच. ऊन. सर्व्हर तापतो, दुसरं काय. इलेक्ट्रिशियन म्हणाला ऊन, साहेब म्हणाले ऊन, रांगेतले पेशंटही म्हणाले, माणूस टिकत नाई तं मशीन काय टिकंल. एकट्या वैरागड्यांना ते पटत नव्हतं.

"तापला असता त दुपारी लटकला असता. हा सकाळी लटकते, गर्दीत. माह्यातच कुठं तरी काही हाय."

हे ते स्वतः म्हणाले होते. चारचौघांत. इतक्या सरळ माणसाचा मला इतका राग का यायचा? उत्तर आहे माझ्याकडे, पण ते उत्तर चांगलं नाही. सरळ माणसाचा राग यायला त्याचं सरळ असणं पुरतं.

त्या हायपर-थ्रेडिंगच्या सेटिंगबद्दल आज मला कोणी विचारलं, चालू ठेवावी की बंद, तर मी सांगतो की कामावर अवलंबून आहे. पुष्कळ बारीकसारीक कामं एकमेकांची वाट पाहत असतील तर फायदा होतो. प्रोसेसरला दम खायला वेळ मिळत नाही, म्हणून तो थोडा जास्त तापतो, ते सोसावं लागतं. पण प्रोग्रॅम जुना असेल, एका वेळी एकच काम होणार असं गृहीत धरून लिहिलेला असेल, तर गोत्यात येतो. दोन कामं खरोखरच एका क्षणी निघतात. एकाच्या हातात एक वस्तू, दुसऱ्याच्या हातात दुसरी, आणि प्रत्येकाला समोरच्याच्या हातातली हवी. शेतात जाणाऱ्या अरुंद पांदणीत दोन बैलबंड्या समोरासमोर याव्यात, वळायला जागा नसावी, आणि दोन्ही गाडीवानांनी 'पहिले तू मागं घे' म्हणत कासरे धरून बसावं, तसं. प्रोसेसर धडधाकट, प्रोग्रॅम धडधाकट, आणि रस्ता बंद. म्हणून आधी तपासून पाहावं, दोन्ही तऱ्हांनी, खऱ्या गर्दीत. हे मी आता शांतपणे सांगतो, लोक मान डोलावतात. मी हे कुठं शिकलो ते कोणी विचारत नाही.

मेमधल्या एका शनिवारी वैरागडे दिवसभर जेवले नाहीत. प्रोग्रॅममध्ये काहीतरी बदललं आणि संध्याकाळी म्हणाले, "पाहू सोमवारी." रविवारी ओपीडी बंद. दुपारी मी एकटा त्या खसच्या खोलीत गेलो, दुसरं काही सुचेना म्हणून ती सेटिंग बंद केली आणि घरी आलो. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही होईल असं वाटलं नव्हतं.

सोमवारी सर्व्हर एकदाही लटकला नाही. आठवड्यातला सगळ्यात गर्दीचा वार. जेवणाच्या सुटीआधीच रांग संपली, खिडकीवरच्या मुलींना समजेना की आता काय करायचं. आलेख एकच दिसत होता, शांत, खालीवर होणारा. मला कळलं. दोष कुठं आहे ते कळलं आणि तो काढायचा कसा तेही. माझ्या नोकरीतला तो सगळ्यात मोठा शोध होता. मी साहेबांना सांगायला निघालो.

व्हरांड्यात साहेब वैरागड्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. "जमवलं बुवा तुम्ही," ते म्हणत होते. वैरागड्यांनी मला येताना पाहिलं. ते खूश होते, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आणि खुशीत माणूस जसं सहज बोलतो तसं बोलून गेले, "पाहा शेटजी, कुलपं इकणं येगळं अन प्रोग्रॅम लिहिणं येगळं."

मंगळवारी सकाळी खिडक्या उघडायच्या आत मी सेटिंग पुन्हा चालू केली.

हे वाक्य लिहायला मला वीसेक वर्षं लागली. ऊन नव्हतं. सकाळ होती, त्यातल्या त्यात गार. माझं डोकं ठिकाणावर होतं. बटणं कोणती दाबायची ते मला पाठ होतं.

मग सर्व्हर पुन्हा लटकू लागला, आणि 'जमवलं' म्हटल्यावर लटकला म्हणून लोक जास्त चिडले. वैरागडे काळवंडले. मला वाटलं होतं, चारदोन दिवस त्यांची मान खाली पाहू आणि बंद करून टाकू. पण मान खाली गेलेली पाहण्याची चटक लागते. हे पुस्तकात वाचलेलं नाही. उद्या करू, म्हणायचो. नवतपा लागला तरी उद्या उगवला नाही.

त्या आठवड्यात ते स्वतः सर्व्हरच्या खोलीच्या दारात आले. पासवर्ड माझ्याकडे, आत यायचं तर माझी परवानगी हवी. 'शेटजी' म्हणाले नाहीत. नावानं हाक मारली.

"तो दोन नावांचा गडी बंद करून पाह्यला का?"

"हाव सर. बंदच आहे. तरी लटकते."

त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं. मग, "मग माह्यातच हाय," म्हणाले आणि गेले.

त्याच दिवसांत कधीतरी पुलगावकडून आलेली एक बाई खिडकीसमोर खाली बसली आणि बसल्या जागी आडवी झाली. सोबतची सून ओरडायला लागली. रांग दारातून बाहेर, बाहेर पत्र्याचं शेड, शेडखाली भट्टी. कोणी तिच्या डोक्यावर पाणी ओतलं, कोणी कांदा फोडून नाकाला लावला. सलाइन लावलं, संध्याकाळी ती चालत घरी गेली. ऊन लागलं, सगळे म्हणाले. तिला काही झालं असतं तर मी बोललो असतो का, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे आणि दर वेळी उत्तर येण्याआधी उठून गेलो आहे. पुढे एकदा तिचा पत्ता शोधावा म्हणून जुनी नोंदणी पाहिली. ती त्यात नव्हती. तिचं नाव घालायच्या आतच सर्व्हर लटकला होता.

जूनच्या सुरुवातीला विश्वस्तांची बैठक झाली. मला विचारलं, तुमचं मत काय. मी म्हणालो, "सर्व्हर नवा आहे, त्यात दोष नाही. प्रोग्रॅम जुना आहे, त्यात असू शकतो." यातला एकही शब्द खोटा नव्हता. खोटं बोलताना जीभ अडखळते, डोळे फिरतात. खरं बोलून एखाद्याला बुडवायचं असेल तर माणूस अगदी स्वच्छ उच्चारात बोलतो. वैरागडे समोर बसले होते. त्यांनी मान डोलावली. माझ्या बाजूनं.

नागपूरच्या एका कंपनीचं पॅकेज घ्यायचं ठरलं. प्रोग्रॅमच राहणार नाही म्हटल्यावर प्रोग्रॅमवाल्याचं काय काम. त्यांनी राजीनामा दिला, तो लगेच घेतला गेला. ते गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी सेटिंग बंद केली. नवं पॅकेज यायला दिवाळी उजाडली. तोवर त्यांचाच प्रोग्रॅम चालला, एकदाही न लटकता. साहेब म्हणाले, "पाऊस पडला, थंड झालं, सुधारला."

मी म्हणालो, "हो साहेब."

पुढे मी ते इस्पितळ सोडलं, पगार वाढला, घर बांधलं, पोरं शिकली. लोकांच्या तोंडून कळायचं: वैरागडे समुद्रपूरलाच आहेत. शेती करतात. कॉम्प्युटरला हात लावत नाहीत. एवढा हुशार माणूस, काय डोक्यात घेतलं कोणास ठाऊक, असं सांगणारा म्हणायचा, आणि मी त्याला चहा पाजायचो.

यंदा जाळीत खस भरून झाल्यावर मी हात धुतले आणि बायकोला सगळं सांगितलं. ती पदर हातात धरून ऐकत राहिली. म्हणाली, "मले सांगून काय होते? मी काय लागते त्याईची?" दुसऱ्या दिवशी समुद्रपूरची एसटी धरली.

वैरागडे ओसरीत बसून तुरीचं बियाणं निवडत होते. केस पूर्ण पांढरे. ओळखलं त्यांनी. आलेल्याला आधी पाणी, म्हणून त्यांच्या बायकोनं गडवाभर पाणी आणि गुळाचा खडा आणून ठेवला. मी पाणी प्यालो आणि सांगितलं. रविवार, सोमवार, मंगळवार, क्रमानं. त्यांचे हात बियाण्यात थांबले.

"मी इचारलं होतं तुम्हाले. दारात येऊन."

"हाव."

"तुम्ही म्हटलं, बंद हाय."

"हाव."

"ऊन नाई, मशीन नाई, मग राह्यलो मीच. मी घरी येऊन सगळा प्रोग्रॅम पुन्हा वाचला. दोन वर्सं वाचला. जिथं चूक नाई तिथं बी दिसाले लागली. पोरगी म्हणे बाबा, शाळेसाठी काही बनवून द्या. नाई बनवलं. हातावर भरवसाच नाई राह्यला."

मला अजून कळत नाही मी पुढचं वाक्य का बोललो. सवय असेल. मी म्हणालो, "पण सर, चूक तुमच्या प्रोग्रॅममध्येही होतीच."

"होती ना." त्यांचा आवाज चढला नाही. "एका दिवसाचं काम होतं. कुठं पाहावं ते समजलं असतं त."

आतून बाईंनी विचारलं, "चहा ठेवू का?"

"नको. ते निघाले."

आमच्याकडे वैऱ्यालाही चहाशिवाय पाठवत नाहीत. मी उठलो. माफी मागायची राहिली होती, पण मागितली असती तर तीही त्यांच्याकडून काहीतरी घेणंच झालं असतं. चपला घालत होतो तेव्हा ते दारापर्यंत आले.

"आता जिथं हाये तिथं ते चालू ठेवता का बंद?"

"चालू. पण आधी तपासून घेतो."

"कोण तपासते?"

"मीच."

वैरागड्यांनी पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांकडे पाहिलं, कपाळाकडे नाही.

"मग एखादा अजून ठेवा," ते म्हणाले, "तुमच्यावर नजर ठेवणारा," आणि दार लावून घेतलं.